रोबोटला स्पर्श कळू लागला, आता गोदामातल्या हातांचे काय?

7 मे 2025 रोजी जर्मनीतील डॉर्टमुंड शहरात अॅमेझॉन कंपनीने 'वल्कन' नावाचा रोबोट जगापुढे ठेवला. नाचणे, धावणे, कोलांट्या मारणे यांतले तो काहीच करत नाही. कापडी कप्प्यात हात घालायचा, आतल्या वस्तू किंचित बाजूला सारायच्या, झालेल्या जागेत नवी वस्तू सरकवायची किंवा हवी ती वस्तू बाहेर काढायची, एवढेच त्याचे काम. नाचणाऱ्या रोबोटच्या चित्रफिती आपण सगळेच एकमेकांना पाठवतो. या बातमीची मात्र आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. आमचे म्हणणे असे की गोदामात आणि कारखान्यात राबणाऱ्या तरुणांनी नाचणारा रोबोट खुशाल विसरावा आणि कप्प्यात हात घालणाऱ्या या रोबोटकडे नीट पाहावे. कारण तो जे करतो, तेच काम आजवर फक्त माणसाच्या हाताला जमत होते.

यामागचा क्रम लक्षात घेतला पाहिजे. 2012 साली अॅमेझॉनने किव्हा सिस्टिम्स ही रोबोट बनवणारी कंपनी 77.5 कोटी डॉलर मोजून विकत घेतली. किव्हाचे रोबोट म्हणजे जमिनीलगत फिरणाऱ्या चपट्या गाड्या. त्या अख्खे कपाट खालून उचलतात आणि कामगारासमोर आणून उभे करतात. त्यापूर्वी कामगार कपाटापर्यंत चालत जात होता, आता कपाट कामगाराकडे चालत येऊ लागले. म्हणजे पायाचे काम यंत्राकडे गेले आणि हाताचे काम माणसाकडे राहिले. डॉर्टमुंडला वल्कन दाखवला गेला तेव्हा कंपनीच्या गोदामांत साडेसात लाखांहून अधिक रोबोट कामाला होते, आणि तरीही कप्प्यात हात घालायला माणूसच लागत होता. मधल्या काळात कंपनीने प्रयत्न सोडले नव्हते. 2015 साली सिएटलला, 2016 साली लाइपझिगला आणि 2017 साली नागोयाला तिने जगभरच्या विद्यापीठांसाठी स्पर्धा भरवल्या. काम एकच, कपाटातली वस्तू उचलून खोक्यात टाकायची. त्या स्पर्धांतले रोबोट कधी वस्तू पाडत, कधी चुकीची वस्तू उचलत, कधी नुसतेच हवेत चाचपडत. जे काम आपल्याकडचा पोरगा पहिल्या दिवशी अर्ध्या तासात शिकतो, त्यावर मोठमोठ्या विद्यापीठांचे संघ महिनोन्‌महिने घाम गाळत होते.

असे का झाले, याचे उत्तर आपल्या बोटांत आहे.

हात काय काय करतो

एका हाताच्या तळव्यात आणि बोटांच्या आतल्या कातडीत मिळून स्पर्शाची खबर देणारे सुमारे 17,000 मज्जातंतू आहेत, असे स्वीडनमधील संशोधकांनी 1980 च्या आसपास मोजून सांगितले. ते एकसारखे नाहीत. काही दाब आहे तोवर खबर देत राहतात. काही फक्त बदल झाला की जागे होतात, म्हणजे वस्तू टेकली तेव्हा आणि सुटली तेव्हा. काहींना बारीक थरथर कळते, तर काहींना कातडी कोणत्या दिशेला ताणली गेली ते कळते. पेशीच्या पातळीवर हा दाब ओळखणारी प्रथिने कोणती, याचा शोध लावणारे आर्डेम पटापुटियन यांना 2021 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्यासोबत डेव्हिड ज्युलियस यांना उष्णतेच्या संवेदनेवरील कामासाठी ते विभागून देण्यात आले. म्हणजे आपल्याला स्पर्श कसा कळतो याचे मूळ आता आता कुठे उलगडले आहे. यंत्राला तो शिकवायला उशीर झाला तर नवल नाही.

स्वीडनच्याच उमेओ विद्यापीठातील रोलँड जोहान्सन यांचा एक प्रयोग फार प्रसिद्ध आहे. माणसाला काडेपेटीतली काडी काढून पेटवायला सांगायचे. साधे काम, काही सेकंदांचे. मग त्याच्या बोटांची टोके इंजेक्शनने बधिर करायची आणि पुन्हा तेच सांगायचे. डोळे शाबूत, स्नायू शाबूत, बोटे हलतात. तरीही काडी निसटते, पडते, उलटी होते. दिसते आहे पण पकडता येत नाही. आजवरचा बहुतेक रोबोट हा असा बधिर बोटांचा माणूस होता. त्याला उत्तम कॅमेरे दिले, ताकद दिली, पण बोटाला काय लागले ते त्याला कळत नव्हते.

याच जोहान्सन यांनी आणखी एक गोष्ट मोजून दाखवली. पाण्याने भरलेला पेला आपण धरतो तेव्हा तो निसटू नये म्हणून जेवढा दाब लागतो, त्यापेक्षा अगदी थोडाच जास्त दाब आपण देतो. पेला जरासा घसरू लागला की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत बोटे आपोआप घट्ट होतात. आपण विचार करायच्या आधीच. टोमॅटो, अंडे, काचेची बाटली, प्लास्टिकची पिशवी, प्रत्येकाला वेगळा दाब, आणि तो आपण न ठरवता देतो. भिवंडीच्या गोदामात एका पाळीत माणूस शेकडो वस्तू हाताळतो आणि प्रत्येक वस्तूला हा हिशोब नव्याने होतो.

आणि या कामाचे नाव काय, तर 'अकुशल'.

हान्स मोराव्हेक या रोबोटशास्त्रज्ञाने 1988 सालीच हे कोडे मांडून ठेवले होते. बुद्धीचे समजले जाणारे खेळ संगणकाला शिकवणे सोपे, पण एक वर्षाच्या मुलाला जे पाहता येते, धरता येते, ते त्याला शिकवणे महाकठीण, असे त्याचे म्हणणे. 1997 साली संगणकाने बुद्धिबळाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवले. त्यानंतर पाव शतक उलटून गेल्यावर कुठे कपाटातली वस्तू गर्दीतून नीट काढणारा रोबोट गोदामात उभा राहतो आहे. बुद्धी वरची आणि हात खालचा, ही उतरंड आपल्या समाजात फार जुनी आहे. तिला विज्ञानाचा कसलाही आधार नाही, हे रोबोट बनवणाऱ्यांनीच आपल्या अपयशातून सिद्ध केले. आम्हाला तरी ही गोष्ट मोठी वाटते.

यंत्राचा जुना स्पर्श

यंत्राला स्पर्श देण्याची कल्पना मात्र आजची नाही. भिवंडी आज गोदामांसाठी ओळखली जाते, पण त्याआधीपासून ती यंत्रमागांची आहे. ज्यांच्या घरात कोणी माग चालवला आहे त्यांना माहीत असेल, की मागावर आडवे सूत तुटले की माग आपोआप थांबतो. त्यासाठी तिथे एक हलका काटा असतो. सूत असेल तर सुताच्या दाबाने काटा मागे ढकलला जातो आणि माग चालू राहतो. सूत नसेल तर काटा जागच्या जागी राहतो, एका दांडीत अडकतो आणि माग बंद पडतो. ना वीज, ना संगणक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून वापरात असलेला हा यंत्राचा स्पर्शच आहे. पुढे 1894 साली अमेरिकेत नॉर्थ्रॉप माग आला. तो धोट्यातली कांडी न थांबता आपोआप बदलू लागला. अशा स्वयंचलित मागांवर नंतर कांडीवर किती सूत उरले ते टेकून पाहणारी पट्टीही बसली.

इथे आपल्या चळवळीच्या इतिहासातली एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या गिरण्यांत साध्या मागावर कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे. सुताला तोंड लागते, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, आणि मजुरी तर त्याच खात्यात जास्त होती. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि हे खाते आपल्या कामगारांना खुले व्हावे ही मागणी संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवली. हाताला काय शिवू द्यायचे हे त्या वेळी जातीने ठरवले होते आणि त्यावरून पगार ठरत होता. म्हणून कोणत्या कामाला कोणाचा हात, आणि त्या हाताची किंमत किती, हा प्रश्न आम्ही केवळ तंत्रज्ञांवर सोडून देऊ शकत नाही.

बोट कसे बनते

आता हे नवे स्पर्शयंत्र, ज्याला सेन्सर म्हणतात, ते चालते कसे? नावे अवघड वाटली तरी त्यातली बहुतेक तत्त्वे आपल्या घरात आधीच आहेत.

किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा घ्या. त्याच्या आत धातूचा एक ठोकळा असतो आणि त्यावर तारेची बारीक नागमोडी पट्टी चिकटवलेली असते. वजन ठेवले की ठोकळा केसभर वाकतो, तार ताणली जाते, तिचा विद्युत विरोध बदलतो, आणि त्यावरून वजन कळते. हीच युक्ती रोबोटच्या मनगटात बसवली, आणि एका दिशेऐवजी तिन्ही दिशांचा जोर व तिन्ही बाजूंची पिळ मोजली, की रोबोटला आपला हात कुठे अडला, किती अडला ते कळते. कारखान्यातले सर्वांत भरवशाचे स्पर्शयंत्र आजही हेच आहे. पण मनगटाला कळणे वेगळे आणि बोटाला कळणे वेगळे. जाड हातमोजे घालून सुई ओवायला घेतली तर काय होईल, तशी ही गत.

बोटासाठी वेगळ्या युक्त्या लागतात. मोबाइलच्या पडद्यावर बोट टेकले की तिथला विद्युतभार साठवण्याचा गुण बदलतो, म्हणून फोनला स्पर्श कळतो. याच तत्त्वावर दोन पातळ पत्र्यांमध्ये मऊ थर घालून दाब मोजता येतो. गॅसच्या लायटरमध्ये खटका दाबला की स्फटिकावर आघात होतो आणि ठिणगी पडते, कारण काही स्फटिक दाबले की वीज निर्माण करतात. तसा थर बोटावर लावला की बारीक थरथर आणि अचानक झालेला बदल झटकन कळतो. मात्र एकसारखा धरून ठेवलेला दाब त्याला फार वेळ कळत नाही. आपल्या कातडीतही सावकाश आणि चपळ असे दोन्ही मज्जातंतू का आहेत, ते इथे लक्षात येते. एकाच युक्तीने भागत नाही.

सर्वांत मजेदार युक्ती मात्र वेगळीच आहे. अमेरिकेतील एमआयटी संस्थेचे एडवर्ड एडेलसन हे खरे तर दृष्टीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. आपली लहान मुले प्रत्येक वस्तू हाताने चाचपून जग ओळखतात, हे घरी पाहून ते स्पर्शाकडे वळले. 2009 साली त्यांच्या प्रयोगशाळेने 'जेलसाइट' पुढे आणले. पारदर्शक मऊ रबराची एक गादी, तिच्या वरच्या अंगाला रंगाचा पातळ अपारदर्शक थर, खालून कॅमेरा आणि बाजूंनी वेगवेगळ्या रंगांचे दिवे. वस्तू गादीवर दाबली की थर तिचा आकार घेतो आणि उंचसखल भागांवर रंगांची छाया पडते. कॅमेरा खालून ती छाया टिपतो आणि संगणक तिच्यावरून उंची-खोली काढतो. नोटेवरच्या शाईचा उठाव दिसावा इतके बारीक. म्हणजे स्पर्शाचे चित्रात रूपांतर झाले, आणि चित्र ओळखण्यात तर संगणक आधीच तयार झाला होता. गादीवर ठिपके छापले की आणखी एक फायदा होतो. वस्तू निसटू लागते तेव्हा आधी स्पर्शाच्या कडेचा भाग घसरतो, मधला मागाहून. ठिपके कुठे कसे सरकले ते पाहून, वस्तू प्रत्यक्ष सुटण्याआधीच रोबोट पकड घट्ट करू शकतो. 2014 साली अशाच बोटाने एका रोबोटने मोकळी लोंबकळणारी यूएसबी केबल धरली, ती बोटांत कशी धरली गेली आहे ते तिच्यावरच्या उठावाच्या चिन्हावरून ओळखले आणि खाचेत घातली.

याचा दोष असा की गादी झिजते. दिवसाला हजारो वेळा खरखरीत पुठ्ठा घासला गेला तर रबर किती टिकणार? आपली कातडी झिजली तर खालून नवी येते, यंत्राची येत नाही. म्हणून 2021 साली मेटा आणि कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी 'रीस्किन' नावाची कातडी केली. मऊ रबरात चुंबकाचे कण मिसळायचे, आणि रबर दबले की बदलणारे चुंबकीय क्षेत्र खालच्या चकतीने मोजायचे. वरची कातडी आणि खालची चकती यांना जोडणारी तारच नाही. म्हणून चपलेचा पट्टा बदलावा तशी कातडी बदलता येते. शंभरच्या संख्येत घेतली तर एकीची किंमत सहा डॉलरपेक्षा कमी आणि आयुष्य 50,000 स्पर्शांहून जास्त, असे त्यांनी सांगितले. आकडा मोठा वाटतो. पण गोदामातला हात हा आकडा किती दिवसांत ओलांडेल याचा हिशोब वाचकांनीच करावा.

गोदामात आणि असेंब्ली लाइनवर

गोदामातले बहुतेक रोबोटहात आजही बोटांनी धरत नाहीत, ओढून धरतात. टोकाला रबरी वाटी, आत हवा ओढणारा पंप. वाटीतल्या हवेचा दाब घटला की वस्तू चिकटली, वाढला की सुटली. त्यांचा सगळा स्पर्श एवढ्यावर चालतो. सपाट खोक्यांना हे पुरते. जाळीच्या पिशवीतले कांदे, घडी घातलेले कापड, तोंड उघडी असलेली पिशवी आली की वाटी फसते.

वल्कनचे वेगळेपण इथे आहे. कप्पा साधारण एक फूट लांब-रुंद, समोर लवचिक पट्ट्या आणि आत दाटीवाटीने ठेवलेल्या वस्तू. वस्तू ठेवणाऱ्या त्याच्या हाताला पातळ पट्टीसारखा एक भाग आहे. त्याने तो आतल्या वस्तू बाजूला ढकलतो. दोन पाती नवी वस्तू धरतात आणि त्यांतले छोटे सरकते पट्टे ती आत सोडतात. ढकलताना किती जोर लागला, समोरून किती अडले, हे त्याला सतत कळत राहते. जुना औद्योगिक रोबोट अनपेक्षित काही लागले की एकतर जागीच थांबे किंवा धडक मारून पुढे जाई. हा मात्र अडखळतो, जोर कमी-जास्त करतो, पुन्हा पाहतो. काढण्याचे काम करणाऱ्या हाताला अजूनही हवेची वाटीच आहे, जोडीला कॅमेरा. कंपनीच्या म्हणण्यानुसार साठ्यातल्या सुमारे 75 टक्के प्रकारच्या वस्तू तो हाताळू शकतो आणि जिथे जमत नाही तिथे माणसाला बोलावतो. अमेरिकेतील स्पोकेन आणि जर्मनीतील हॅम्बुर्ग इथे तो कामाला लागला आहे. वस्तू ठेवण्याच्या पाच लाखांहून अधिक खेपा त्याने प्रत्यक्ष गोदामात केल्याचे त्याच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केले आहे.

कंपनी असेही सांगते की कपाटाच्या अगदी वरच्या आणि अगदी खालच्या रांगा रोबोटला दिल्या आहेत, म्हणजे कामगाराला शिडी चढावी लागत नाही आणि वाकावे लागत नाही. हे खोटे नाही. दिवसभर शिडी चढणाऱ्याच्या गुडघ्यांना विचारा. पण मग दिवसभर फक्त कंबरेच्या उंचीवरचे काम उरले तर त्याचा वेग कोण ठरवणार, हा प्रश्न त्या पत्रकात नसतो.

असेंब्ली लाइनची गोष्ट आणखी बारीक आहे. भोकात खुंटी बसवणे हे जोडणीतले मूळ काम. खुंटी जराशी तिरकी गेली की अडकते. आपण ती हलकेच हलवतो, जिथे सैल वाटते तिकडे वळवतो आणि ती बसते. 1970 च्या दशकात अमेरिकेतील ड्रेपर प्रयोगशाळेने यावर निव्वळ यांत्रिक तोड काढली. मनगटात असे लवचिक जोड बसवले की अडलेली खुंटी आपोआप सरळ होते. आजही ते कारखान्यांत वापरले जाते. पण लोंबकळणाऱ्या तारांचे काय? मोटारीतल्या सगळ्या तारांचा जो जुडगा असतो, ज्याला वायरिंग हार्नेस म्हणतात, तो अजूनही मुख्यतः हातानेच बांधला जातो. मार्च 2022 मध्ये युक्रेनवरील युद्धामुळे तिथले हार्नेसचे कारखाने अडचणीत आले, आणि जर्मनीत फोक्सवॅगन व बीएमडब्ल्यू यांच्या लाइन थांबल्या. रोबोटांनी भरलेले कारखाने तारा गुंफणाऱ्या हातांवाचून बंद पडले. या हातांत मोठा वाटा बायकांचा असतो, आणि 'बायकांची बोटे मुळातच नाजूक' असे म्हणून त्यांचे कसब स्वभावाच्या खात्यात टाकले जाते, पगाराच्या नाही.

आपल्या जवळचे उदाहरण चाकणचे. बजाज ऑटोने 2010 नंतर डेन्मार्कच्या युनिव्हर्सल रोबोट्सचे शंभरहून अधिक सहकारी रोबोट, म्हणजे कोबॉट, आणले. पिंजऱ्याबाहेर, माणसाच्या शेजारी उभे राहून ते काम करतात. माणूस लागला तर सांध्यावरचा अनपेक्षित ताण ओळखून थांबणे हा त्यांचा स्पर्श. शरीराच्या कोणत्या भागाला किती जोराचा धक्का चालेल याची मर्यादा सांगणारा आंतरराष्ट्रीय दस्तऐवज 2016 साली आला. लाइनवर काम करणाऱ्या आपल्या मुलांनी हा दस्तऐवज आपल्या कारखान्यात पाळला जातो का, हे विचारायला हरकत नाही. स्पर्श फक्त वस्तूसाठी नसतो, शेजारच्या माणसाच्या हाडांसाठीही असतो.

हाताची नोंद

रोबोटला बोट मिळाले तरी कसब मिळत नाही. त्याला शिकवायला नोंदी लागतात. चित्रे आणि मजकूर इंटरनेटवर ढिगाने पडून होते, ते उचलून संगणक शिकले. स्पर्श कुठेच लिहून ठेवलेला नाही. तो फक्त काम करणाऱ्यांच्या हातात आहे.

म्हणून आता हातांची नोंद सुरू झाली आहे. 2019 साली एमआयटीच्या संशोधकांनी विणलेल्या हातमोज्यावर 548 दाबबिंदू बसवले. खर्च सुमारे दहा डॉलर. तो घालून लोकांनी 26 वस्तू हाताळल्या, आणि नुसत्या दाबाच्या नकाशावरून संगणक वस्तू ओळखू लागला. तामिळनाडूतील करूर या कापडासाठी प्रसिद्ध असलेल्या शहरात तरुण मुले कपाळावर कॅमेरा बांधून टॉवेलच्या घड्या घालतात, आणि त्या चित्रफिती परदेशी कंपन्यांच्या रोबोटांना शिकवायला जातात. कॅमेऱ्याला हालचाल दिसते, दाब दिसत नाही. त्यामुळे पुढची पायरी हातमोजाच असणार, असा आमचा अंदाज आहे.

इथे आम्ही थोडे थांबतो. घडी घालणे अकुशल काम असेल, तर त्याची नोंद करून समुद्रापार का पाठवतात? ज्या ज्ञानाला बाजारात गिऱ्हाईक आहे, त्याला कसब म्हणायला काय हरकत आहे? आणि त्या नोंदीची मालकी कोणाची? हातमोजा घालणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी मिळते, पण त्याच्या हातावरून शिकलेले यंत्र पुढे वर्षानुवर्षे चालेल. असे काम कोणी देऊ केले तर नाकारावे असे आम्ही म्हणत नाही. घर चालवायचे असते. पण कागदावर सही करण्याआधी नोंद कशासाठी आहे, कोणाला दिली जाईल, हे विचारून लेखी घ्यावे.

भारतात ही यंत्रे उद्याच सगळीकडे येतील असे नाही. इथला हात स्वस्त आहे, यंत्र महाग आहे आणि त्याची कातडी सारखी बदलावी लागते. काही जणांना यात दिलासा वाटतो. आम्हाला वाटत नाही. मजुरी कमी आहे म्हणून नोकरी टिकली, तर मजुरी वाढवून मागायची कशी? शिवाय यंत्राची किंमत दरवर्षी उतरते आहे. आधी एकसारख्या खोक्यांचे काम जाईल, मग सुट्या वस्तूंचे, आणि मऊ, लोंबत्या, चुरगळणाऱ्या वस्तूंचे सर्वांत शेवटी. तारा, कापड, भाजी.

कायदा काय म्हणतो, तेही पाहू. औद्योगिक विवाद कायदा, 1947 मध्ये अशी तरतूद होती की यंत्रात किंवा कामाच्या पद्धतीत कामगारकपात होण्याजोगी सुधारणा करायची असेल, तर मालकाने बाधित कामगारांना 21 दिवस आधी नोटीस द्यावी. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कलम 40 आणि तिसऱ्या परिशिष्टात ही तरतूद राहिली आहे. अडचण अशी की गोदामातला मुलगा कागदावर गोदामाचा नसतो, ठेकेदाराचा असतो. नवा रोबोट आला की त्याला नोटीस येत नाही, फक्त पुढच्या महिन्यात बोलावणे येत नाही. संघटना करणाऱ्यांनी ही फट आधी धरायला हवी. ठेक्यावरच्या कामगारांनाही नोटीस आणि नव्या यंत्रावरचे प्रशिक्षण, या दोन मागण्या एकत्र. कारण सेन्सर तपासणे, कातडी बदलणे, चुकलेले मोजमाप पुन्हा जुळवणे ही कामे नव्याने तयार होत आहेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मेकॅट्रॉनिक्सचे आणि औद्योगिक रोबोटिक्सचे अभ्यासक्रमही आहेत. दहावीनंतर फिटर की इलेक्ट्रिशियन असा विचार करणाऱ्या मुलामुलींना ही तिसरी वाट दाखवली पाहिजे.

ज्यांना हे हाताने करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी विहारातली अभ्यासिका पुरेशी आहे. व्हेलोस्टॅट नावाचे काळे प्लास्टिक मिळते, इलेक्ट्रॉनिक भाग बांधायला ते वापरतात. त्याचा रुपयाएवढा तुकडा दोन तांब्याच्या पट्ट्यांमध्ये ठेवा, एक साधा रोध आणि एक आर्डुइनो पाटी जोडा. बोटाने दाबले की पडद्यावरचा आकडा बदलतो. आता त्यावर टोमॅटो ठेवा, मग अंडे, मग पाण्याने भरलेली पिशवी, आणि आकडे वहीत लिहा. दाब काढून घेतल्यावर एक गोष्ट दिसेल. आकडा लगेच मूळ जागी परत येत नाही, थोडा मागे रेंगाळतो. पुन्हा दाबले की पहिल्यापेक्षा वेगळा आकडा देतो. स्पर्शयंत्रे बनवणारे अभियंते जगभर ज्या दोषाशी झगडत आहेत, तो हाच.